सारथ्य

मराठवाड्यातील शेतकरी आठवड्याचा बाजार आटोपून रात्री बैलगाडीने गावाकडे परतू लागला, म्हणजे पुष्कळदा कासरा हातात असतानाच त्याला डुलकी लागे. तरीही गाडी बिनचूक त्याच्या दारात येऊन उभी राही. वाट बैलांच्या ओळखीची झालेली असे. ओढ्याची उतरण आली की ते आपणहून पाऊल जपून टाकीत, खड्डा दिसला की बाजूला होत, आणि समोर काही अपरिचित आढळले तर कान टवकारून जागच्या जागी थांबत. गाडीवान झोपला तरी गाडीचे चार डोळे जागे असत.

मोटारीला असे डोळे नाहीत. तिचे दिवे रस्ता उजळतात, पण रस्ता पाहत नाहीत. अलीकडच्या काही मोटारींत समोरचा अडथळा ओळखून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रे बसविलेली असतात, हे खरे. तथापि अशी यंत्रे माणसाच्या मदतीसाठी असतात, ती त्याची जागा घेत नाहीत. मोटारीत पाच माणसे बसली, तर त्या पाचही जणांचा भरवसा चालकाच्या दोन डोळ्यांवर असतो. म्हणून त्या डोळ्यांनी काय पाहावे आणि कसे पाहावे, याचा विचार चालकाने तर करावाच; पण त्याच्याबरोबर प्रवास करणाऱ्या प्रत्येकानेही करावयास हवा.

मोटार चालविणे म्हणजे हातापायांचे काम, अशी आपली सामान्यतः समजूत असते. चक्र फिरविणे, गियर बदलणे, ब्रेक दाबणे या क्रिया हौशी माणूस थोड्या आठवड्यांत शिकतो. त्या अंगवळणी पडल्या की आपल्याला मोटार चालविता येऊ लागली, असे तो मानू लागतो. वस्तुतः त्याचे अर्धेच शिक्षण पूर्ण झालेले असते. उरलेले अर्धे शिक्षण डोळ्यांचे आणि मनाचे. रस्त्यावर आज जे दिसते आहे, त्यावरून पुढच्या क्षणी काय घडू शकेल हे ओळखणे, यालाच धोक्याची जाणीव म्हणतात. धोका समोर उभा राहिल्यावर तो कोणालाही दिसतो; तो उभा राहण्यापूर्वी ज्याला दिसतो, तोच खरा सारथी.

हे पूर्वीच दिसणे इतके महत्त्वाचे का, याचे उत्तर साध्या गणितात आहे. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात १० मीटर पुढे जाते. समोर अडथळा दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत सावध माणसालाही सुमारे एक सेकंद लागतो. म्हणजे १० मीटर तर विचार करण्यातच जातात. त्यानंतर कोरड्या डांबरी सडकेवर चांगले ब्रेक लावल्यास मोटार साधारणतः ७ मीटरांत थांबते. एकूण अंतर झाले १७ मीटर. आता वेग दुप्पट करा, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. विचारात २० मीटर जातील. ब्रेक लावल्यानंतरचे अंतर मात्र दुप्पट होत नाही, चौपट होते. कारण गतिमान वस्तूची ऊर्जा तिच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ते अंतर सुमारे २९ मीटर भरते आणि एकूण ४९ मीटर होतात. वेग दुप्पट झाला, पण थांबण्यासाठी लागणारे अंतर जवळजवळ तिप्पट झाले. सडक ओली असेल, चाके झिजलेली असतील किंवा चालक थकलेला असेल, तर ते आणखी वाढते. निसर्गाचा हा नियम कोणत्याही चालकाच्या कौशल्याने बदलत नाही. चालकाच्या हाती एवढेच असते, की धोका लवकर ओळखावा आणि वेग आधीच कमी करावा.

आता हे ओळखणे प्रत्यक्षात कसे असते, ते पाहू. समजा, मार्गशीर्ष महिन्यातील एका सायंकाळी आपण परभणीहून गंगाखेडला निघालो आहोत. पोखर्णी, दैठणा ही गावे मागे टाकीत ही सडक दक्षिणेकडे गोदावरीच्या पात्राच्या रोखाने जाते. दोन्ही बाजूंना काळी कसदार जमीन. कोठे वेचणीला आलेला कापूस, कोठे तूर, तर कोठे पोटरीत आलेली ज्वारी. रस्ता मोकळा दिसतो. मोटारीत बसलेल्यांना हे दृश्य मनोहर वाटते. परंतु चालकाचे डोळे तेथे निराळेच काही वाचीत असतात.

एका फाट्यावर एस. टी. ची गाडी डाव्या बाजूला उभी आहे. सामान्य माणसाला उभी असलेली गाडी दिसते. जाणत्या चालकाला त्या गाडीच्या पुढच्या बाजूने रस्ता ओलांडू पाहणारा उतारू दिसतो. प्रत्यक्षात तो अद्याप दिसलेला नसतो. डोक्यावर बोचके, कडेवर मूल आणि पलीकडे थांबलेल्या नातलगाकडे लागलेले लक्ष, अशा स्थितीत उतरलेले माणूस मागून येणाऱ्या मोटारीकडे पाहीलच, याचा नेम नसतो. म्हणून तो चालक आधीच वेग कमी करतो आणि गाडीपासून थोडे अंतर राखून पुढे जातो.

पुढे शाळा सुटलेली आहे. चार मुले सायकलींवरून जोडीजोडीने, गप्पा मारीत चालली आहेत. त्यांतील एकाने मागे वळून पाहिले, तर त्याचा हात नकळत त्याच बाजूला वळेल, हे चालक जाणतो. आणखी काही अंतरावर एक गाय रस्ता ओलांडून गेली. रस्ता पुन्हा मोकळा झाला. पण चालकाचा पाय ब्रेकवरच आहे, कारण गाईमागून तिचे वासरू येण्याचा संभव असतो. शेताच्या वाटेवर धुरळा उठताना दिसला, की तेथून ट्रॅक्टर किंवा दुचाकी सडकेवर येत आहे, असे तो समजतो. सुगीच्या दिवसांत सडकेच्या कडेला धान्य किंवा काड वाळत घातलेले असते. त्यावरून चाक घसरू शकते, आणि ते राखणारे माणूसही तेथेच कोठेतरी वाकून काम करीत असते. पावसाळ्याच्या आरंभी हीच सडक निराळे रूप घेते. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते आणि पहिल्या सरीबरोबर तिचा निसरडा चिखल होतो. काळ्या डांबरावरील काळा चिखल सहजासहजी दिसत नाही. तो ओळखावा लागतो.

आता दिवस मावळला आहे. गळिताचा हंगाम असल्याने उसाने भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर कारखान्यांकडे चालले आहेत. एकेका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात आणि उसाच्या मोळ्या बाजूंना बाहेर आलेल्या असतात. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरचे दिवे दिसतात, पण त्यामागची लांबी अंधारात दडलेली असते. त्याहूनही मोठा धोका, चाक पंक्चर झाल्यामुळे सडकेवरच उभ्या राहिलेल्या ट्रॉलीचा. तिला मागे दिवा नसेल, प्रकाश परावर्तित करणारी तांबडी पट्टीही नसेल, तर मोटारीचे दिवे तिच्यावर पडेपर्यंत ती दिसतच नाही. मोटारीचा खाली वळविलेला प्रकाश साधारणतः ४० ते ५० मीटरांपर्यंत पोचतो. मघाचे गणित येथे पुन्हा आठवावे. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीला थांबण्यास ४९ मीटर लागतात. याचा अर्थ असा, की ट्रॉली दिसली त्याच क्षणी ब्रेक लावला तरीही टक्कर टळेलच, असे सांगता येत नाही. म्हणून रात्री आपल्या दिव्यांच्या टप्प्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवावा, हा नियम प्रत्येक चालकाने मनावर कोरून ठेवावा. आणि ट्रॉलीच्या मालकानेही हे ध्यानी घ्यावे, की मागे लावलेली एक तांबडी पट्टी कोणाच्या तरी घरचा दिवा विझू देत नाही.

ही दृष्टी जन्मतः कोणास लाभत नाही. ती शिकावी लागते. १९७२ साली अमेरिकेतील मोरांट आणि रॉकवेल या संशोधकांनी चालकांच्या डोळ्यांच्या हालचालींचा अभ्यास प्रसिद्ध केला. नवशिक्या चालकांची नजर मोटारीच्या जवळच्या भागावर खिळून राहते आणि ती फारशी आजूबाजूला फिरत नाही. अनुभवी चालकांची नजर दूरवर जाते आणि दोन्ही बाजूंचा वेध घेते, असे त्यांना आढळून आले. पुढे ब्रिटनमध्ये २००२ सालापासून मोटार चालविण्याच्या परीक्षेत धोक्याच्या जाणिवेची स्वतंत्र चाचणी घेतली जाऊ लागली. उमेदवाराला रस्त्याची चित्रफीत दाखवितात आणि एखादा धोका आकार घेऊ लागला असे वाटताच त्याने कळ दाबावयाची असते. जो लवकर ओळखतो, त्याला अधिक गुण मिळतात. हात कुशल आहेत की नाहीत, हे तपासून भागत नाही. नजर जागी आहे की नाही, हेही पाहावे लागते, असे त्या देशाने मानले.

परंतु या शिक्षणाच्या आड एक मोठी अडचण येते, ती म्हणजे आपल्याला सर्व काही येते हा समज. १९८१ साली ओला स्वेन्सन या स्वीडिश संशोधकाने दोन देशांतील विद्यार्थ्यांच्या गटांना, चालक म्हणून तुमचे कौशल्य इतरांच्या मानाने कितपत आहे, असे विचारले. अमेरिकेतील गटापैकी ९३ टक्के आणि स्वीडनमधील गटापैकी ६९ टक्के जणांनी स्वतःला वरच्या अर्ध्या भागात बसविले. शंभर मुलांच्या वर्गात वरच्या अर्ध्या भागात पन्नासच मुले मावतात, हे आपल्याला ठाऊकच आहे. मग उरलेली मंडळी तेथे कशी आली? ती आली केवळ स्वतःच्या कल्पनेने. ज्याला आपल्या उणिवा दिसत नाहीत, त्याला रस्त्यावरचे धोकेही उशिरा दिसतात.

येथवर चालकाचा विचार झाला. आता त्याच्या शेजारी आणि मागे बसलेल्या माणसांकडे वळू. चालक आणि उतारू एकाच मोटारीत, एकाच वेगाने जात असतात. तरीही चालक निर्धास्त असतो आणि उतारू मात्र धास्तावलेला असतो, असे पुष्कळदा घडते. समोर ट्रक आला की शेजारी बसलेल्या माणसाचा पाय नकळत खाली दाबला जातो, जणू तेथेही एक ब्रेक आहे. याचे कारण उघड आहे. चालकाने धोका पाहिला आहे की नाही, हे उताऱ्याला कळत नसते, आणि मोटार आवरण्याचे कोणतेही साधन त्याच्या हाती नसते. चालकाने वेळीच वेग कमी केला, तर ती कृतीच उताऱ्याशी बोलते. “मला दिसले आहे, तुम्ही काळजी करू नका,” असे ती सांगते. चालक अखेरच्या क्षणापर्यंत वेग न आवरता मग एकदम ब्रेक दाबू लागला, तर एकही अपघात न होता उताऱ्याचे मन मात्र घायाळ होते. मोटारीतून उतरताना माणसाचे अंग सैल आहे की आखडलेले, यावरून चालकाची परीक्षा होते.

आता एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. पुतण्याने नवी मोटार घेतली आहे आणि तो आपल्या वृद्ध काकूंना घेऊन लग्नाला निघाला आहे. मुहूर्त जवळ आला आहे. वळणावर तो पुढचा ट्रक ओलांडतो, गावातूनही वेग कमी करीत नाही. मागे बसलेल्या काकू पदराचे टोक मुठीत घट्ट धरून देवाचे नाव घेत आहेत. त्यांना भीती वाटते. पण एवढ्या प्रेमाने घेऊन चाललेल्या मुलाला कसे बोलावे, या संकोचाने त्या गप्प आहेत. पुतण्या आरशात पाहतो आणि काकू शांत बसल्या आहेत, म्हणजे त्यांना प्रवास सुखाचा होत आहे, असे समजतो. काकूंच्या मौनाला तो शाबासकी मानतो आणि मोटार आणखी जोरात सोडतो.

असे मौन अनेक घरांतून आढळते. वडीलधाऱ्यांचा संकोच, पाहुण्यांची भीड आणि मुलांचा धाक यांपायी ते निर्माण होते. ते मोडले पाहिजे. “बाळ, जरा हळू घे, मला भीती वाटते,” एवढे शब्द पुरेसे आहेत. त्यांत चालकाचा अपमान नाही. आणि चालकानेही हे शब्द हसण्यावारी नेऊ नयेत. आपल्या नजरेतून निसटलेली एखादी गोष्ट दुसऱ्या डोळ्यांनी दाखविली, असे मानून वेग कमी करावा. मुहूर्त टळला तर अक्षता चार क्षण उशिरा पडतील. पण वाटेत अनर्थ झाला तर लग्नघरावर कोणती अवकळा येईल, याचा विचार करावा.

याउलट, काही उतारू नको तितके निश्चिंत असतात. मोटार नवी आहे, रस्ता रुंद झाला आहे, चालक घरचाच आहे, एवढ्यावर ते विसंबतात. परंतु सुरक्षित वाटणे आणि सुरक्षित असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. चालकाला घाई करावयास लावणे, त्याच्याशी वाद घालणे, चालत्या मोटारीत त्याच्यापुढे दूरध्वनी धरणे या गोष्टी करणारा उतारू स्वतःच्या हाताने आपल्या सारथ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधीत असतो. ज्याने मद्य घेतले आहे किंवा ज्याचे डोळे झोपेने मिटत आहेत, त्याच्या मोटारीत बसण्याचे नाकारणे हेही उताऱ्याचे कर्तव्यच होय.

उताऱ्याचे आणखी एक कर्तव्य सुरक्षापट्ट्याचे. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा, आज सर्वत्र दिसणारा पट्टा १९५९ साली व्हॉल्वो कंपनीतील अभियंता निल्स बोलिन याने मोटारीत आणला. कंपनीने तो इतर उत्पादकांनाही वापरू दिला, म्हणून तो जगभर पसरला. आपल्या देशात पुढे बसणाऱ्यांप्रमाणेच मागे बसणाऱ्यांनीही तो बांधावा, असा नियम आहे, आणि २०१९ सालच्या सुधारित कायद्याप्रमाणे तो न बांधल्यास एक हजार रुपये दंड होतो. पण दंडाच्या भीतीपेक्षा गणित अधिक बोलके आहे. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार टक्कर होऊन एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, असे समजा. त्या क्षणी मांडीवरील १० किलो वजनाचे मूल पुढे फेकले जाताना हातांना एक क्विंटल धान्याइतका जोर जाणवेल. कोणत्या मातेचे हात तो पेलतील? मायेने धरलेले मूल तेव्हा हातांत राहत नाही; म्हणून लहान मुलांसाठी त्यांच्या मापाचे वेगळे आसन वापरावयाचे असते.

भारतात २०२२ साली रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. दिवसाला सुमारे ४६० हे प्रमाण पडते, म्हणजे एस. टी. च्या नऊ-दहा भरलेल्या गाड्यांतील माणसे दररोज घरी परतली नाहीत, असे म्हणता येईल. यांतील प्रत्येकाची घरी कोणीतरी वाट पाहत होते.

आपण गंगाखेडला निघालो होतो. खळी मागे पडली, गोदावरीचा पूल आला आणि पलीकडे संत जनाबाईंच्या गावाचे दिवे दिसू लागले. वाटेत काय काय घडले, असे कोणी विचारले तर मागे बसलेली माणसे म्हणतील, “काहीच घडले नाही.” उत्तम सारथ्याची हीच खूण आहे. फाट्यावरचा उतारू, सायकलीवरचा मुलगा, गाईमागचे वासरू आणि अंधारातली ट्रॉली या सर्वांशी त्याची गाठ पडली होती. परंतु त्याने त्यांना आधीच पाहिले होते, म्हणून कोणालाही काही कळले नाही.

विद्यार्थ्यांनो, मोटार चालविण्याचा परवाना वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही, आणि त्यापूर्वी चक्र हाती घेण्याचा मोह तुम्ही धरू नये. पण सारथ्याची नजर कमावण्यासाठी परवान्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढच्या वेळी एस. टी. ने जाल, तेव्हा समोरचा रस्ता दिसेल अशी जागा मिळाली तर तेथे बसा. रस्त्याकडे पाहा आणि पुढच्या क्षणी काय घडू शकेल, हे मनाशी सांगत चला. ती शेळी वळेल का? तो मुलगा धावेल का? त्या झाडामागून कोणी येईल का? कधी तुमचा अंदाज खरा ठरेल, कधी चुकेल. असे पाहता पाहता तुमचे डोळे जागे होतील. उद्या तुमच्या हाती चक्र आले आणि मागे तुमची आजी निर्धास्तपणे डोळे मिटून बसली, की तिच्या वाटणीचेही डोळे आपण उघडे ठेवावयाचे आहेत, हे तुम्हांला कोणी सांगावे लागणार नाही.